खंडेनवमीचा राऊटर

"मॅडम, हा न्या. घरात कुठंबी बसा, रेंज तुटली तर दुकानाची पाटी उतरवतो," असं म्हणत भोजेंनी काउंटरवर खोकं उघडलं. आतून उताणा पडलेल्या खेकड्यासारखं काहीतरी निघालं. आठ अँटेना, मधोमध निळा दिवा, आणि हाक मारली की बोलणारा बाईचा आवाज.

"बोलणारा नको," मी म्हटलं. "घरात बोलणारी मी आहे."

भोजे हसले. इचलकरंजीत सगळ्यांना माझं तोंड माहीत आहे. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि माझी पोरं सांगतात की मॅडमना गप्प बसवायला बेलच लागते.

मला राऊटर हवा होता तो आत्यांसाठी. मी नाशिककडची, पण इकडे सासूला आत्या म्हणतात, तेच मला आवडलं. आत्यांना उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, ओठसुद्धा हलेनात. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब, पण त्यांना किती कळतं ते सांगता येणार नाही. मी कॉलेजात आणि नवरा श्रीशैल सुताला खळ चढवणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात. सांभाळायला एक बाई येई, पण तिचा डोळा लागला तर काय, ही धास्ती होती. कॅमेरा लावायचा विषय श्रीशैलने काढला आणि मीच तो मोडून काढला. ज्या बाईने आयुष्यात कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचं अंग पुसताना भिंतीवरून कुणी बघत राहणार, हे मला पटेना.

राऊटरला डोळे नसतात, तरी त्याला माणूस समजतो. ही पेटी फक्त इंटरनेट वाटते असं आपण इतकी वर्षं धरून चाललो होतो. खरं म्हणजे ती अखंड खोलीभर रेडिओलहरी सोडत असते. त्या भिंतीवर, कपाटावर, स्टीलच्या डब्यांवर, आपल्या अंगावर आपटून फिरतात. कुणी हललं की परत येणाऱ्या लहरींची ठेवण बदलते. श्वासाने छाती वर आली तरी बदलते. जुने राऊटर हा बदल म्हणजे अडथळा समजून पुसून टाकायचे. नव्या चिपा तोच वाचतात. कापड, गोधडी, पडदा यातून लहरी आरपार जातात; पाणी आणि धातू त्यांना अडवतात. माणूस बराचसा पाण्याचाच, म्हणून तो त्यांना दिसतो.

"मग हाच न्या की," भोजे म्हणाले. "पडलं कोण, श्वास थांबला कुणाचा, परकं माणूस आलं का, तिन्ही सांगतोय. कंपनीकडनं थेट मोबाइलवर."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"या तीन गोष्टी सोडून घरात जे हलतं ते."

"ते कंपनी टाकून देती. कशाला पाहिजे?"

मला तेच नको होतं. आत्यांचा श्वास आधी कंपनीच्या घरी जाऊन मग माझ्याकडे येणार, आणि त्यातलं काय महत्त्वाचं हे तिसराच कुणी ठरवणार. मी मागच्या फळीवरची साधी करडी पेटी मागितली. दोन अँटेना, दिवा एकच, आवाज नाही. तिच्यातली प्रणाली खुली होती, म्हणजे कोरी पाटी. तिला काय शिकवायचं ते आपण ठरवायचं आणि सगळी माहिती घरातच राहायची, दिसायची ती फक्त माझ्या फोनवर.

"ती कोण न्हेत नाही मॅडम," भोजे म्हणाले. "लई डोकं खाती."

"मग आमचं जमेल," मी म्हटलं.

*

डोकं तिने खरंच खाल्लं. पहिले काही दिवस ती सारखी बोंब मारायची. कॉलेजात वर्ग चालू असताना फोन थरथरायचा: खोलीत हालचाल, खोलीत हालचाल. मी धावत घरी यायचे तर आत्या गोधडीखाली शांत आणि सांभाळणारी बाई मटार सोलतेय.

कारण भिंतीपलीकडे होतं. आमच्या घराला लागून मागाचा शेड आहे. पूर्वी तो घरचाच. सासरे वारल्यावर, माझ्या लग्नाआधीच, श्रीशैल आणि त्याच्या मोठ्या भावाने, मल्लिनाथभाऊजींनी, तो मागांसकट शौकतभाईंना भाड्याने दिला. गावात आता बिनआवाजाचे नवे माग आलेत, पण शौकतभाई अजून आडवा धागा नेणारा धोटा खडखडत फिरतो त्या जुन्या मागांवर जाडं कापड काढतात. ते माग चालू असले की आमची भिंत, कपाट, आत्यांची खाट, पाण्याचा तांब्या, सगळं बारीक हलत असतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं की भूकंप होतोय. घरच्यांना मात्र माग थांबले की जाग यायची.

म्हणून मी राऊटरला मागांचा ताल शिकवला. हा ताल, हा कंप, हा वजा कर आणि उरेल ते सांग. बोंब थांबली. पडद्यावर आत्यांच्या श्वासाची रेघ संथ वरखाली होऊ लागली. कॉलेजात मधल्या सुट्टीत मी ती रेघ बघायची आणि जिवाला बरं वाटायचं. त्याच सुमारास खुल्या प्रणालीवाल्यांच्या जगात मला राऊटरला लावायचा एक फुकटचा जोड, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, सापडला. कुठल्याशा थंड देशातल्या कुणा माणसाने तो आपल्या अपंग मुलीसाठी लिहिला होता. लहरींवरून तो हाताच्या बोटांचं रेखाचित्र काढायचा. मी हौसेने तो बसवला, पण आमच्याकडे त्याच्यात नुसता चिवडा दिसायचा. मागांचा कंप वजा केला की बोटांची बारीक हालचालही त्याच्याबरोबर निघून जायची.

"झालं का तुझं यंत्रमाग जोडून?" श्रीशैल चिडवायचा. "आईचा एक श्वास बघायला तू दहा श्वास टाकतीस."

तो चिडवायचा, पण कामावरून आला की आधी आत्यांजवळ बसायचा. आम्ही सगळेच तसे बसायचो. त्यांचा डावा हात तेवढा जिवंत होता. गोधडीखाली हात घालून आम्ही तो हात हातात धरून ठेवायचो. त्यांना सारखी थंडी वाजायची, म्हणून गोधडी कधी काढायची नाही. संध्याकाळी माझी पाळी असे. ताट वाढून मी तिथेच बसायची आणि बोलत राहायची. कॉलेजातलं, गल्लीतलं, काहीही. ताट बहुतेक निवून जायचं. एवढी बोलकी बाई गप्प पडलेली आणि मी तिच्यापुढे बसून कसली जेवणार?

हे मला सांगायलाच हवं. लग्नानंतर मी नवऱ्याला नावाने हाक मारली तेव्हा चार बायकांनी भुवया उंचावल्या. आत्या म्हणाल्या होत्या, "मारू दे की. नाव कशाला ठेवलंय मग?" आईविना वाढलेल्या मला या घरात जे मिळालं ते त्यांच्याकडून.

दसऱ्याच्या आधी मल्लिनाथभाऊजींचा पुण्याहून फोन आला.

"केतकी, मी दसऱ्याला गाडी घेऊन येतोय," ते म्हणाले. "इथं एक चांगलं केंद्र बघितलंय. चोवीस तास नर्स. आईला घेऊन जातो."

"पण भाऊजी, इथं काय कमी आहे?"

"कमी तुझ्यात नाही. तू आणि श्रीशैल झिजताय, ते मला दिसतंय. आईला आपण कोण हेच कळत नाही. मग तिला इथं काय आणि तिथं काय?"

ते वाईट माणूस नव्हते, त्यांचा हिशोबही वेडा नव्हता. आत्यांना कळतं, असं मला आतून वाटायचं, पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच वर्गात शिकवते. श्रीशैल म्हणाला, "दादाचं चुकीचं नाही." आत्यांना कळत असेल तर त्यांना घरातून उचलून नेणं हा अन्याय होता. नसेल कळत, तर आम्हीच उगीच हट्ट धरून बसलो होतो. ठरवायला दसऱ्यापर्यंतचाच वेळ होता.

*

खंडेनवमीला आमच्या गल्लीत एकही माग चालत नाही. वर्षभर राबलेल्या यंत्राला त्या दिवशी विसावा द्यायचा, तेलपाणी करायचं, हळदकुंकू वाहायचं. शौकतभाईसुद्धा शेड धुऊन कुलूप लावतात आणि कामगारांना पेढे वाटतात. सकाळी मी उठले आणि कानाला दडा बसल्यासारखं झालं. भिंत गप्प होती.

पूजा नेहमी आत्या मांडायच्या. यंदा श्रीशैलने मांडली, त्यांना दिसावी म्हणून त्यांच्याच खोलीत, खाटेशेजारी. पाटावर जुना धोटा, चिमटा, कात्री, माझा लॅपटॉप. मग तो बाहेरच्या खोलीत गेला आणि राऊटरची वायर उपसायला लागला.

"अरे, काय करतोयस?"

"पाटावर ठेवायला नको? वर्षभर राबतोय."

"तो बंद केलास तर आत्यांकडे कोण बघेल?"

"आज सगळी अवजारं बंद असत्यात केतकी. आई असती तर..." तो थांबला. "म्हणजे आई उठून बसती असती तर तिनं आधी हाच बंद केला असता."

खरं होतं ते. शेवटी तडजोड झाली. राऊटर पाटावर बसेल, पण चालू राहील. श्रीशैलने एक्स्टेन्शन बोर्ड आणला, पेटीला कुंकवाचं बोट लावलं आणि दोन्ही अँटेनांवर झेंडूची माळ घातली. माळ ओली होती. पाणी लहरी पितं, म्हणून पडद्यावरची श्वासाची रेघ लगेच बसली. मी माळ काढून धोट्याला घातली. "देवाचं ऐकत नाहीस," तो म्हणाला, पण त्याने माळ परत घातली नाही.

नैवेद्य झाल्यावर तो शौकतभाईंकडे पेढे द्यायला गेला. मी ताट घेऊन खाटेजवळ बसले. एक हात ताटाला आणि एक फोनला असल्यामुळे त्या दिवशी आत्यांचा हात मी धरला नव्हता. माग बंद असताना त्यांचा ताल वजा करायची गरज नाही, म्हणून ती वजाबाकी मी काढून टाकली आणि सहज तो बोटांचा जोड उघडला.

पडद्यावर चिवडा नव्हता. एक हात होता.

पाच बोटं, मनगट, बारीक पांढऱ्या रेघांत. राऊटर हाताच्या अंतरावर, भिंत निश्चल, आणि गोधडी त्या लहरींना नसल्यातच जमा. मी वर बघितलं. गोधडी अजिबात हलत नव्हती. खाली बघितलं तर बोटं हलत होती. चार बोटं अंगठ्याला जुळून वरच्या दिशेला दोनदा वळली. मग अंगठा मागे, छातीकडे. मग तळवा उघडून एकदा पुढे, एकदा मागे. थोडी विश्रांती. पुन्हा तेच, त्याच क्रमाने. डॉक्टरांनी आपोआप होणाऱ्या झटक्यांबद्दल सांगितलं होतं, पण झटक्याला असा क्रम नसतो.

श्रीशैल परत आला तेव्हा मी त्याला पडदा दाखवला नाही. आधी काही सांगितलं असतं तर त्याला हवं तेच दिसलं असतं. मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि माझ्या डाव्या हाताने तसंच्या तसं केलं. बोटं जुळवून दोनदा वर, अंगठा छातीकडे, तळवा पुढे-मागे.

तो हसला. "हे तुला कुणी शिकवलं? शौकतभाईंनी?"

"म्हणजे काय ते सांग."

"मागावरची खूण आहे की. शेडात एवढा खडखडाट, बोललेलं ऐकायला कुठं येतंय. सगळं हातानंच. आईनं निम्मं आयुष्य तिथं माग चालवलाय, अशीच बोलायची दिवसभर. शेजारच्या मागवालीला जेवायला सोडायचं असलं की ही खूण." त्याने स्वतः हात करून दाखवला, माझ्यापेक्षा सफाईदार. "तू जेवून ये. मी हाय. तुझा माग मी बघते."

मी खाटेकडे वळून बघितलं.

"काय झालं? केतकी?"

मी फोन त्याच्या हातात दिला. पडद्यावर हात अजून बोलत होता. तू जेवून ये, मी आहे, तुझा माग मी बघते. निवलेलं ताट माझ्या शेजारी पडलं होतं. किती संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितलं असेल आणि किती वेळा मी तोच हात मायेने घट्ट धरून त्यांचं बोलणं बंद केलं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

श्रीशैलने गोधडी बाजूला केली. हात उघड्यावर आला, तेव्हा कुठे ती इवलीशी हालचाल डोळ्यांना दिसली, तीही आता कुठे बघायचं ते माहीत होतं म्हणून. तो खाटेपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. शेडात दोन मागांमध्ये असतं तेवढ्या अंतरावर. आणि त्याने हाताने काहीतरी विचारलं.

आत्यांची बोटं थांबली. डोळे त्याच्याकडे वळले. मग बोटं पुन्हा चालू लागली आणि श्रीशैल एकेक खूण मोठ्याने वाचू लागला.

"पंखा. कमी कर. थंडी." तो वाचत गेला. "चहा. गोड. मग, कारट्या... न्हाई, ही शिवी हाय." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "महिनोन्महिने बिनसाखरेचा चहा पाजलाय म्हणून शिवी घालायलीय."

मी उठून पंखा कमी केला. मग स्वयंपाकघरात जाऊन चहाला दोन चमचे साखर जास्त घातली. डॉक्टरांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

डॉक्टरांना दुपारी फोन केला. ते म्हणाले, मेंदूत शब्दांची जागा एक आणि जन्मभर गिरवलेल्या हालचालींची दुसरी. कधीकधी पहिली जाते आणि दुसरी राहते, तपासायला हवं होतं. खूण लहान झाली होती, कारण हातात ताकद उरली नव्हती. गोधडीच्या वजनाखाली ती हरवत होती.

*

दसऱ्याला मल्लिनाथभाऊजी आले ते गाडीत गादी घालूनच. श्रीशैलने त्यांना आत्यांच्या खोलीत नेलं आणि भिंतीजवळ उभं केलं. गोधडी आता फक्त छातीपर्यंत होती. डावा हात उशीवर मोकळा ठेवलेला होता.

"विचार," श्रीशैल म्हणाला. "हातानं."

भाऊजींनी कितीतरी वर्षांत मागाचं तोंड पाहिलं नव्हतं. ते आता पुण्यात मोठ्या कंपनीत होते. त्यांनी हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. "मला आठवत नाही रे," ते म्हणाले. पण आत्यांची बोटं हलली आणि भाऊजींच्या हाताने आपणहून उत्तर दिलं. त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"पोरं कशी आहेत, म्हणाली." ते खाटेच्या कडेला बसले. हात धरायला पुढे झाले, तर श्रीशैलने त्यांना अडवलं.

"धरू नको दादा. बोलू दे."

मग भाऊजींनी तो प्रश्न विचारला. बोटाने बाहेरच्या गाडीकडे दाखवलं, मग लांबवर, मग स्वतःकडे. येतेस का माझ्याबरोबर?

आत्यांनी बराच वेळ घेतला. मग तर्जनी खाली, खाटेकडे टेकवली. मूठ मिटून दोनदा हलवली. शेवटी तळवा हळूहळू भाऊजींच्या बाजूला उघडला.

ते वाचून भाऊजींनी मान खाली घातली. "माग इथं चालू आहे, म्हणते. बंद करू नका." मग ते म्हणाले, "आणि तू येत जा, म्हणते."

गादी गाडीतून उतरवून त्यांनी स्वतःच आमच्या माळ्यावर टाकली. संध्याकाळी त्यांनी आत्यांच्या तळव्यावर आपट्याचं पान ठेवलं, तर आत्यांनी बोटं मिटून ते शेजारी बसलेल्या माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी शौकतभाईंनी माग सुरू केले. भिंत थरथरू लागली, खाट हलू लागली आणि पडद्यावरचा हात पुन्हा चिवड्यात बुडाला. मी फारशी हिरमुसले नाही. आता बोटं डोळ्यांनी बघता येत होती. राऊटरकडे मी फक्त श्वास सोपवला आणि त्याची जागा आत्यांच्या खोलीतच कायम केली. त्याच्यावरचं कुंकू अजून पुसलेलं नाही. मी त्या थंड देशातल्या माणसाला लिहून कळवलं की तुझ्या जोडामुळे आमच्या घरात एक बाई बोलायला लागली. त्याचं उत्तर आलं: कोणत्या भाषेत?

आमच्याकडे घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानले तर माणूस दुखावतं. पण कुणाकुणाचं ऋण आहे ते मला माहीत आहे. भोजेंच्या मागच्या फळीचं, शौकतभाईंच्या कुलपाचं, पेटीला पाटावर बसवणाऱ्या श्रीशैलच्या हट्टाचं. आत्यांचं मात्र कसं फेडणार, ते कळेना.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी ताट घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि नेहमीसारखी बोलायला लागले. त्यांनी डोळ्यांनी मला गप्प केलं. बोटं जुळली, दोनदा वर वळली. अंगठा छातीकडे. तळवा पुढे, तळवा मागे.

यावेळी मी तो हात धरला नाही. ताट उचललं, स्वयंपाकघरात गेले, पोळी परत गरम केली आणि पाटावर बसून पोटभर जेवले.